मुकी विनंती

एका ओळीतून ओपल टिप्टनला मिळणार होतं तरी काय? फार तर एका रात्रीची झोप. द्यायचं काय, तर चार शब्द, तेही फुकटचे. सोमवारी दुपारी लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत, एका हातात चीजचं सँडविच आणि दुसऱ्या हातात फोन धरून बसलेल्या ओपलला हा व्यवहार चोख वाटला. आपलं काही जाऊ शकतं हे तिच्या डोक्यातही आलं नाही, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

आदल्या संध्याकाळी नॉक्सव्हिलहून लेकीचा, केंड्राचा, फोन आला होता.

"आई, बसलीयेस का? बस आधी. अकरावा आठवडा चालू आहे."

ओपल ओरडणार, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. बाबांनाही नाही, ते न्हाव्याकडे जाऊन बोलतील. शुक्रवारी तपासणी आहे. तोवर मी, डस्टिन आणि तू. बस्स."

केंड्राच्या बोलण्याला कारण होतं. पहिल्या खेपेला तिने सातव्या आठवड्यातच दारातल्या भोपळ्यांशेजारी इवलेसे बूट मांडून फोटो टाकला होता. तीनशे बदाम आले. महिनाभराने त्याच फोटोखाली दोन ओळी लिहायची वेळ आली. त्यानंतर कितीतरी दिवस तिचा फोन तिला लंगोट आणि पाळणे दाखवत राहिला; बाळ येणार हे त्याला कळलं होतं, गेलं हे त्याला कोण सांगणार? दुसऱ्या खेपेला तिने तोंड शिवून घेतलं, आईलासुद्धा सगळं उरकल्यावर कळलं. या तिसऱ्या खेपेला तिने आईला आधी सांगितलं. हा मान किती मोठा होता ते ओपलला कळत होतं, म्हणूनच रात्रभर तिचा डोळा लागला नाही.

तशी बाई तोंडाची पक्की. वीस-बावीस वर्षं लाँड्रीच्या काउंटरवर काढलेली. गावातल्या अर्ध्या पुरुषांच्या खिशांतून काय काय निघतं ते तिला ठाऊक होतं. पाकिटात घालून, कोटाला टाचून ती मुकाट्याने परत करायची. पण परक्याचं गुपित पोटात ठेवणं वेगळं आणि लेकीचं ठेवणं वेगळं. ते आतून लाथा मारतं.

पूर्वी यावर उपाय होता. बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये ब्रदर कार्ल विचारायचे, "कुणाची मुकी विनंती?" सगळ्यांच्या माना खाली, डोळे मिटलेले. ज्याच्या मनात गाऱ्हाणं आहे पण ओठावर आणायचं नाही, त्याने नुसता हात वर करायचा. ब्रदर म्हणायचे, "दिसलं, दिसलं," आणि सगळे मिळून त्यासाठी प्रार्थना करायचे. कसली विनंती, कशासाठी, हे विचारायची रीत नव्हती. त्या एका हाताआड नवऱ्याची दारू मावायची, बँकेची नोटीस मावायची, तुरुंगातला मुलगा मावायचा. मग साथीच्या वर्षी बुधवार बंद पडला. साथ गेली, बुधवार परत आला नाही. सोफ्यावर पाय पसरूनही देवाकडे मागता येतं हा शोध बायकांना लागला होता. आता विनंत्या ट्रूडी रॅग्सडेल चालवायची त्या फेसबुकवरच्या भगिनी-गटात जायच्या.

ओपलने अंगठ्याने लिहिलं, "माझी एक मुकी विनंती आहे. शुक्रवारपर्यंत प्रार्थना करा."

त्यातलं "शुक्रवारपर्यंत" नसतं तर कदाचित निभावलंही असतं. आणि दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. चर्चमध्ये वर केलेला हात 'आमेन' म्हटलं की खाली येतो. फेसबुकवरचा वरच राहतो, आणि तो कुणाचा आहे हे खाली लिहिलेलं असतं.

त्या रात्री मात्र ती गाढ झोपली.

सकाळी उठून बघते तो खाली रांग लागलेली. "प्रार्थना चालू आहे!" "काय झालं गं?" "शुक्रवारी काय आहे?" एकीने लिहिलं, "माझ्या चुलतबहिणीचा रिपोर्टही शुक्रवारीच आला होता." दुसरीने विचारलं, "गाठ आहे का?" दुपारपर्यंत गाठीपुढचं प्रश्नचिन्ह गळून पडलं होतं.

तीनच्या सुमाराला ट्रूडी स्वतः लाँड्रीत आली. हातातला कोट इतका स्वच्छ होता की तो धुवायला टाकण्यात पैसे वाया जाणार हे ओपलला दुरूनच दिसलं.

"ओपल! तू कामावर?"

"मंगळवार आहे, ट्रूडी. मंगळवारी मी कामावरच असते."

"धन्य आहेस बाई. मी विचारणार नाही हं. रीत म्हणजे रीत." ट्रूडीने काउंटरवर वाकून आवाज उतरवला. "फक्त एवढंच सांग, डावी की उजवी?"

"काय डावी की उजवी?"

ट्रूडीची नजर ओपलच्या छातीवर गेली आणि अदबीने छताकडे वळली.

"अगं, मला काही झालेलं नाही!"

"वांडासुद्धा हेच म्हणायची."

"वांडाचा इथे काय संबंध?"

"संबंध म्हणजे? गेली ना वांडा."

वांडाचं नाव निघालं तशी ओपल जरा वरमली. दोन वर्षांमागे वांडाने याच गटात मुकी विनंती टाकली होती, तेव्हा खाली सगळ्यात आधी "किडनी का गं?" असं कुणी लिहिलं होतं, तर ओपलने. वर कोंबडी-भाताचं पातेलंही नेऊन दिलं होतं आणि दारात उभं राहून पाऊण तास वांडाचा रंग न्याहाळला होता. ज्या पंगतीत आपण वाढलं, तिथेच आज पानावर बसायची पाळी आली होती.

घरी पोचली तर दारात हर्शेल उभा. हर्शेल तिचा नवरा, जिल्ह्याच्या रस्ते खात्यातून निवृत्त झालेला. त्याच्याकडे घडी घालायचा जुना फोन होता, आणि तोही बहुतेक वेळ ट्रकच्या खणात पडलेला असायचा.

"ओसरीत तीन पातेली आहेत," तो म्हणाला. "कुणी मेलंय का?"

"नाही."

"मग खायला हरकत नाही."

पातेल्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर बायकांची नावं होती. एकात कोंबडी-भात, एकात वर तळलेला कांदा पेरलेल्या घेवड्याच्या शेंगा, तिसऱ्यात केळ्याचं पुडिंग. हर्शेलने कोंबडी-भात दोनदा वाढून घेतला आणि मग घसा साफ केला.

"ट्रूडीचा नवरा पेट्रोल पंपावर भेटला. माझा हात धरून उभाच राहिला. म्हणाला, 'धीर धर.' मी म्हटलं, धरतो. आता कशाचा ते तू सांग, म्हणजे नीट धरता येईल."

ओपलच्या ओठापर्यंत आलं. तिने पाण्याचा घोट घेऊन ते खाली ढकललं.

"माझी एक मुकी विनंती आहे, हर्शेल."

हर्शेलने तिच्याकडे पाहिलं. मग काटा खाली ठेवला, मान झुकवली, डोळे मिटले, क्षणभर तसाच बसला. डोळे उघडून म्हणाला, "बरं," आणि पुडिंगकडे वळला. पुन्हा विचारलं नाही.

बुधवारी सकाळी ओपलने सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. तिने लिहिलं, "मी ठणठणीत आहे. अगदी खरं सांगते. कृपा करून जेवण पाठवू नका."

असल्या बाबतीत खुलासा करणं म्हणजे शेकोटीत फुंकर मारणं. "किती धीराची!" एकीने लिहिलं. "स्वतःचं एवढं असून आमच्या स्वयंपाकाची काळजी," दुसरीने लिहिलं. ट्रूडीने थेट एप्रिलअखेरपर्यंतचं जेवणाचं वेळापत्रक टाकलं. कुणी कोणत्या दिवशी काय द्यायचं त्याचे रकाने तासाभरात भरले. कॅलिन नावाची एक तरुण आई दुकानात येऊन काउंटरवर छोटी बाटली ठेवून म्हणाली, "मिस ओपल, हे जिभेखाली तीन थेंब. माझ्या आजेसासूची गाठ विरघळली. मी फेसबुकवर विकते, पण तुम्हाला पहिली बाटली निम्म्या किमतीत."

"मला गाठ नाहीये, पोरी."

"बघा ना! अजून घेतलंही नाही, तरी तुमची वृत्ती किती सकारात्मक!"

संध्याकाळी ओसरीत पातेल्यांबरोबर विणलेल्या दोन लोकरी टोप्याही होत्या, मऊ, केस गळतील तेव्हा घालायला. ओपलने एक टोपी हातात घेतली, कपाळाला हात लावला आणि बसकण मारली. चांगल्या-भल्या बाईला जिवंतपणी एवढं पोहोचवणारं गाव दुसरीकडे मिळालं नसतं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. आणि कुत्रं आवरायची साखळी तिच्या हातात होती, पण ती ओढायची तर केंड्राचं नाव घ्यावं लागणार. मरू दे. दोनच दिवस. आपण दोन दिवस मरणोन्मुख राहू.

ओपलचा हिशेब असा होता की आळ आपल्यावर राहील तोवर लेकीकडे कुणाचं लक्ष जाणार नाही. पण त्यात तिने ग्लेंडाला धरलंच नव्हतं.

ग्लेंडा ओगल म्हणजे डस्टिनची आई, केंड्राची सासू. राहायची पलीकडच्या गावात, पण ट्रूडीच्या चुलतबहिणीच्या ओळखीने गटात होती. गुरुवारी सकाळी तिने ती सगळी रांग वरपासून खालपर्यंत वाचली. बाईचं गणित पक्कं. ओपल म्हणते मला काही नाही. हर्शेल पंपावर शेंगदाणे खात होता असं ट्रूडीनेच लिहिलेलं, म्हणजे त्यालाही काही नाही. उरलं कोण? एकुलती एक लेक. शुक्रवार. गेल्या दोन खेपा. ग्लेंडाने लिहिलं:

"ओपल, मला वाटतं मला कळलं! देव करो आणि या वेळी सगळं नीट होवो. एका होणाऱ्या आजीकडून दुसऱ्या होणाऱ्या आजीला."

ओपल तेव्हा एका नवरीच्या झग्याची किनार दुमडत होती, तोंडात टाचण्या. तासाभराने फोन पाहिला, तोवर अभिनंदनं सुरू झाली होती. कालपर्यंत जिची गाठ पसरत होती ती बाई आज आजी झाली होती. कुणीतरी डोहाळजेवणाच्या केकचे फोटोसुद्धा टाकले होते.

चारला केंड्राचा फोन आला.

"आई."

"बाळा, मी कुणाला काही सांगितलं नाही. देवाशपथ. एक अक्षर नाही."

"काय लिहिलंस?"

"मुकी विनंती आहे, एवढंच. बुधवारी करायचो तशी."

"बुधवारी लोकांचे डोळे मिटलेले असायचे, आई."

ओपलच्या मागे कपडे वाळवायचं यंत्र घरघरत होतं.

"डस्टिनच्या कामावरच्या एका बाईने मला लिहिलंय, 'तिसऱ्या वेळी तरी.' मी तिला दोनदा भेटलेय आयुष्यात. उद्या डॉक्टरने मान हलवली तर त्या सगळ्या बायकांना परत मीच लिहायचं. का तू लिहिशील?"

"मला झोप येत नव्हती गं."

"मला येत होती?"

"केंड्रा, ग्लेंडाने..."

"ग्लेंडाला मी बघते. तिच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती." केंड्राचा आवाज चढला नाही. चढला असता तर ओपलला बरं वाटलं असतं, ओरडणाऱ्या लेकीला कसं शांत करायचं ते तिला येत होतं. "ते काढून टाक. आणि उद्या मला फोन करू नकोस. सगळ्यांना कळेल तेव्हा तुलाही कळेल."

"मी आई आहे तुझी."

"म्हणून तर तुला सांगितलं होतं."

ओपलने ते काढून टाकलं. काढायची कळ कुठे असते ते सापडायलाच तिला बराच वेळ लागला. काढलं तोच ट्रूडीचा फोन.

"का काढलंस गं? वाईट बातमी आहे का? मला एकटीला सांग."

"ट्रूडी," ओपल म्हणाली, "फोन ठेव." इतक्या वर्षांत ती गिऱ्हाइकाशी असं कधी बोलली नव्हती.

शुक्रवारी फोन वाजला नाही. शनिवारी दोन शब्द आले, "ठीक आहे." काय ठीक आहे? बाळ? केंड्रा? की राग गिळला म्हणून ठीक? दर रविवारचा फोन पुढेही येत राहिला, चुकला नाही. हवा कशी आहे, डस्टिनच्या ट्रकला पुन्हा काय झालं, बाबांचा गुडघा. ओपल आडून विचारायची, "नीट जेवतेस ना?" "जेवते की." ते तर कुणीही म्हणेल. "येऊ का एकदा?" "सध्या धावपळ आहे, आई. कळवते." विचारायचा हक्क आपण कुठे ठेवून आलो ते ओपलला ठाऊक होतं, म्हणून ती हवेबद्दलच बोलायची.

इकडे पातेली थांबायला तयार नव्हती. गाठ नाही हे मान्य झालं, लेकीबद्दल काय ते कुणाला नक्की कळेना, पण वेळापत्रकातले रकाने भरलेले होते आणि भरलेला रकाना पाळायचा असतो. भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत ओपलही पाळायची. म्हणजे दिवसभर लाँड्रीत उभं राहायचं, घरी येऊन केळ्याचा केक भाजायचा, दारोदार भांडी पोचवायची आणि प्रत्येक दारात तोच प्रश्न झेलायचा, "काही कळलं का गं?" न झालेल्या दुखण्याने तिचं वजन खरोखरच उतरलं. हर्शेलचं मात्र पट्ट्याच्या दोन भोकांनी वाढलं. संध्याकाळी जेवण झालं की तो मागच्या शेडमध्ये जाऊन खुडबुडत बसायचा. पुरुषमाणूस निवृत्त झाला की शेडमध्ये जातो, त्यात ओपलला नवल वाटलं नाही.

एप्रिलच्या मध्यावर ट्रूडी काउंटरवर आली, कोटाशिवायच, फोन पुढे धरून.

"मुलगी! ऑगस्टमध्ये! ओपल, किती गोड दिसतेय गं तुझी केंड्रा!"

फोटोत केंड्रा पिवळ्या झग्यात अंगणात उभी होती. दोन्ही हात पोटावर, पोट चांगलं दिसण्याजोगं. शेजारी डस्टिन दात काढून हसत होता. ओपल बघत राहिली. लेकीचे गाल भरले होते. केस कापले होते, तेही तिला माहीत नव्हतं.

"तुला तर केव्हाचं माहीत असेल," ट्रूडी म्हणाली.

"हो तर. केव्हाचं."

"आणि पत्ता लागू दिला नाहीस! कमाल आहे बाई तुझी. माझ्या पोटात तर एक दिवस राहिलं नसतं."

"तुझा राखाडी कोट तयार आहे," ओपल म्हणाली. "नेतेस का?"

ट्रूडी गेल्यावर तिने स्वतःचा फोन काढला. फोटोखाली गाव लोटलं होतं. सगळ्यात वर ग्लेंडाचा लांबलचक परिच्छेद, मग कॅलिन, मग भगिनी-गटातल्या झाडून साऱ्या, ज्यांची पातेली तिने घासली होती त्या. ओपलने चार ओळी लिहिल्या. वाचल्या, पुसल्या. मग सगळ्यांनी दाबला होता तोच बदाम तिनेही दाबला आणि तिचं नाव इतरांच्या नावांत मिसळून गेलं.

घरी येऊन ती पर्ससकट थेट मागच्या शेडकडे गेली. एवढी बातमी हर्शेलला निदान आपल्या तोंडून तरी कळावी. दार लोटलं. आत रंगाचा वास होता. हर्शेल बुटक्या स्टुलावर बसला होता, आणि त्याच्यापुढे केंड्राचा लहानपणीचा पाळणा, घासून-पुसून, निम्मा पांढरा झालेला.

ओपलने आधी पाळण्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"केव्हापासून?"

हर्शेलने ब्रश डब्याच्या काठावर निपटला. "तपासणी झाली त्याच दुपारी. दवाखान्याच्या दारातूनच फोन आला."

"तुला?"

"मीही तेच म्हटलं. मला? ट्रकमध्ये होतो म्हणून घेतला तरी. रडत होती. म्हणाली, बाबा, ठोके नीट आहेत. कुणाला सांगू नका."

"न्हाव्याला?"

"त्याने विचारलं नाही."

"मी तुझ्या शेजारी झोपते, हर्शेल. दोन महिने. रात्र रात्र छताकडे बघत पडायचे मी."

"दिसत होतं."

"मग?"

हर्शेलने ब्रश पुन्हा रंगात बुडवला. बोलणं हे त्याचं काम नव्हतं. "तू म्हणालीस तुझी मुकी आहे, तेव्हा मी विचारलं का?" शेवटी तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "तिचीही तशीच."

बाहेर कुणाची तरी गाडी थांबली, दार आपटलं, ओसरीत भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि गाडी निघून गेली. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

हिशेब मांडायचाच तर तो असा. ट्रूडीला बातमी मिळाली. ग्लेंडाला सगळ्यांआधी ओळखल्याचा मान मिळाला, कॅलिनच्या चार बाटल्या खपल्या, केंड्राला तिचं बाळ मिळणार होतं. हर्शेलने काहीच मागितलं नव्हतं, त्याला लेक मिळाली. किंमत एकट्या ओपलने भरली, आणि पावती मागावी असं कुणी उरलं नव्हतं.

तिने पर्स खिळ्याला अडकवली. फळीवरून दुसरा ब्रश उचलला आणि पाळण्याच्या पलीकडच्या, अजून कोऱ्या असलेल्या बाजूला जाऊन खाली बसली. हर्शेलने रंगाचा डबा दोघांच्या मध्ये सरकवला.